समुद्र नसलेल्या मुलखात समुद्राचं इंजिन: एका विद्यार्थी प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि तिच्यावर चालणाऱ्या इंजिनांचं शास्त्र, शिकवते. दरवर्षी पावसाळ्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्पगट पडतात. त्या वर्षी चौघांचा एक गट माझ्या वाट्याला आला. गटप्रमुख मुलगी पैठण तालुक्यातली. तिचे वडील जायकवाडीच्या नाथसागरात मासे धरतात. दुसरा मुलगा लातूरचा. उरलेले दोघे जालना आणि परभणीकडचे, वर्गात गप्प आणि वर्कशॉपमध्ये हुशार. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

विषयाच्या कागदावर लिहिलं होतं, "समुद्रात साठलेल्या उन्हाच्या उष्णतेवर वीज तयार करणारं इंजिन". मी विचारलं, "अगं, पण आपल्याकडे समुद्र आहे कुठे?"

"नाथसागर आहे की, मॅडम," ती म्हणाली. "होडीतून पाण्यात उतरलं की छातीपर्यंत कोमट असतं आणि पाय खाली सोडले की गार लागतं. लहानपणापासून बघतेय."

विषय मी तिथल्या तिथे मंजूर केला. प्रकल्प समितीतल्या एका सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन "मुलांचं वर्ष वाया जाईल" म्हणून सांगितलं. त्यांची काळजी खरी होती. पण पुस्तकातून नव्हे, पायाला लागलेल्या गारव्यातून आलेला प्रश्न मला परत पाठवता येईना.

मूळ कल्पना थोडक्यात सांगते. उष्ण कटिबंधातल्या समुद्राचा वरचा थर 26 ते 28 अंशांवर असतो आणि हजार मीटर खाली पाणी 5 अंशांच्या आसपास असतं. या वीसेक अंशांच्या फरकावर इंजिन चालवता येतं. वरच्या कोमट पाण्याने अमोनिया उकळवायचा, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, आणि खालून ओढलेल्या गार पाण्याने त्या वाफेचा पुन्हा द्रव करायचा. उन्हाची उष्णता समुद्र स्वतःच साठवतो, त्यामुळे वीज रात्रीही मिळते. गटप्रमुख मुलीला यातलं सगळ्यात जास्त भावलं ते हेच. त्यांच्या गावात शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच्या पाळीला येते आणि माणसं बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातात. रात्री चालणारं ऊन ही तिच्यासाठी नुसती शास्त्रातली गंमत नव्हती.

ही कल्पना 1881 साली फ्रान्समध्ये द'आर्सोनव्हाल यांनी मांडली. त्यांचे शिष्य जॉर्ज क्लोद यांनी 1930 मध्ये क्युबाच्या मातान्झास उपसागरात याच तापमान-फरकावर चालणारा संच उभा केला, 22 किलोवॅट वीज काढली, आणि वादळाने तो मोडून टाकला. 1979 मध्ये हवाई बेटांजवळ तराफ्यावरच्या 'मिनी-ओटेक' (ओटेक हे या तंत्राच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) संचाने 50 किलोवॅट वीज केली. पंपांना लागणारी वीज वजा करून हाती राहिली ती 15 किलोवॅटच्या आसपास. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तुतिकोरिनजवळ 'सागर शक्ती' या तराफ्यावर 1 मेगावॅटचा प्रयत्न केला, पण गार पाण्याची लांबलचक नळी समुद्रात उतरवताना गमवावी लागली. त्याच संस्थेने 2005 मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर याच तापमान-फरकावर समुद्राचं पाणी गोडं करणारा संच सुरू केला. त्याची क्षमता रोज 1 लाख लिटर पिण्याच्या पाण्याची.

लातूरचा मुलगा या शेवटच्या आकड्यापाशी थांबला. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा तो शाळेत होता आणि घरातल्या घागरी रांगेत लावायचं काम त्याच्याकडे होतं. "1 लाख लिटर म्हणजे दहा टँकर, मॅडम. रोज," एवढंच तो म्हणाला. पुढे या प्रकल्पाला सगळ्यात कठीण प्रश्न त्यानेच विचारला.

अडचण

दसऱ्याच्या आधी आम्ही नाथसागरावर गेलो. साधन घरगुती होतं. एक नायलॉनची दोरी, दर मीटरला गाठ, दर पाच मीटरला लाल कापडाची चिंधी, टोकाला दगड आणि दगडाशेजारी पाणी न शिरणारा तापमानाचा सेन्सर. मुलीच्या वडिलांची होडी. ते वल्हं मारत होते, ती दोरी सोडत होती आणि लातूरचा मुलगा मांडीवरच्या वहीत आकडे लिहीत होता.

वर 28.4 अंश. पाच मीटरवर 27.1. दहा मीटरवर 26.5. चौदाव्या गाठीला दगड टेकला आणि दोरी सैल पडली. तिथे 26.2.

म्हणजे 2.2 अंशांचा फरक. समुद्रात वीस अंश मिळतात, आम्हाला सव्वादोन.

होडीत कोणी काही बोललं नाही. वडीलच म्हणाले, "मॅडम, वारं सुटलं का हे पाणी वरखाली घुसळतंय. उन्हाळ्यात जरा फरक पडतोय, पण सांजच्याला वारं आलं की पुन्हा सारखं."

फ्रेंच अभियंता कार्नोने घालून दिलेली मर्यादा अशी की दोन तापमानांतला फरक भागिले वरचं तापमान, तेही निरपेक्ष मापात (केल्विनमध्ये), याहून जास्त कार्यक्षमता कुठल्याही इंजिनाला मिळत नाही. समुद्रात ही मर्यादा 7 टक्क्यांच्या आसपास येते आणि प्रत्यक्षात 2-3 टक्के मिळतात. नाथसागरात मर्यादाच 0.7 टक्के. त्यातून घर्षण आणि पंप वजा केले की इंजिनाला उलट बाहेरून वीज द्यावी लागली असती.

मग जालन्याच्या मुलाने विचारलं, "रत्नागिरीला का नाही करत कोणी?" प्रश्न रास्त होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ फार हळूहळू खाली जातो. हजार मीटर खोली गाठायला किनारा शंभराहून जास्त किलोमीटर मागे टाकावा लागतो. एवढ्या दुरून वीज आणायची कशी? लक्षद्वीप आणि अंदमानची गोष्ट वेगळी. तिथे बेटांना लागूनच खोल पाणी आहे, म्हणून आपल्याकडे हा विषय निघाला की नावं तिथलीच येतात.

समोर आलेले पर्याय

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही प्रयोगशाळेतल्या फळ्यासमोर बसलो. सगळ्यात सुरक्षित पर्याय मीच मांडला. इंजिन सोडा, तरंगत्या सौर पॅनेलवर प्रकल्प करा, साहित्य बाजारात मिळतं आणि निकाल नक्की लागतो. खरं सांगायचं तर माझं मन तिकडेच झुकलं होतं.

दुसरा पर्याय परभणीच्या मुलाचा. खालचं पाणी पुरेसं गार नाही ना, मग वरचं जास्त तापवू. छपरावरच्या सोलर हीटरचं पाणी 75-80 अंशांपर्यंत जातं. गार बाजूला साधं पाणी, 28-30 अंशांचं. फरक सरळ 45 अंशांवर जातो. समुद्रातल्या संचांसाठीही सौर तापकाची अशी जोड सुचवलेली आहेच, तेव्हा मूळ विषयही सुटत नव्हता. इंजिन कॉलेजच्या गच्चीवर ठेवायचं आणि गार बाजूला छोटा कूलिंग टॉवर लावायचा. मराठवाड्यातली हवा कोरडी, त्यामुळे माठात जसं पाणी गार होतं तसं टॉवरमध्येही होईल. एप्रिलमध्ये बाहेर 40 अंश असले तरी माठातलं पाणी पंचविशीच्या आसपास येतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

सगळ्यांना हे पटलं. मलाही. तेवढ्यात लातूरचा मुलगा फळ्यापाशी गेला आणि त्याने खडू उचलला.

"इंजिनाची कार्यक्षमता 3 टक्के धरू," तो म्हणाला. "1 युनिट वीज काढायला 33 युनिट उष्णता आत घालायची. 32 युनिट बाहेर टाकायची. ती टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून टाकणार. एका लिटरची वाफ व्हायला साधारण 2,400 किलोज्यूल लागतात." एका युनिटचे 3,600 किलोज्यूल धरून त्याने भागाकार केला आणि उत्तराभोवती गोल काढला. एका युनिटमागे 48 लिटर.

तो गोल मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. 48 लिटर म्हणजे तीन-चार घागरी. एक पंखा अर्धा दिवस चालवायला तीन-चार घागरी पाणी उडवायचं, तेही लातुरात.

तोपर्यंत आम्ही उन्हाचाच विचार करत होतो. ऊन मराठवाड्यात भरपूर आहे. उष्णतेच्या इंजिनाला मात्र ऊन जितकं लागतं तितकाच गारवा लागतो, आणि तो आपल्याकडे फुकट नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्र 2013 च्या आणि पुन्हा 2015 च्या टंचाईत बंद ठेवावं लागलं तेव्हा नड पाण्याची होती. कोळसा रेल्वेने येऊ शकतो. उष्णता टाकायला जागा नसेल तर त्या कोळशाचा काही उपयोग नाही. समुद्रावर इंजिन नेण्यामागचं खरं कारण हेच की तिथे उष्णता टाकायला अथांग जागा आहे. इतकी वर्षं शिकवून मला हे इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

पहिला निर्णय आणि त्याचं कारण

त्या दिवशी प्रकल्प तिथेच संपला असता. गटप्रमुख मुलगी दोन दिवसांनी आली आणि फळ्यावर दोन चौकोन काढले. एक जमिनीवर, एक पाण्यावर.

"तापक जमिनीवर ठेवला आणि उष्णता तळ्यात सोडली, तर तळ्यावर जास्तीची उष्णता पडते आणि पाणी जास्त उडतं. याचं बरोबर आहे," ती लातूरच्या मुलाकडे बघून म्हणाली. "पण तापकच पाण्यावर तरंगत ठेवला तर? ते ऊन तसंही त्याच पाण्यावर पडणार होतं ना, मॅडम? आपण ते मधे अडवतो, थोडी वीज काढतो आणि उरलेलं त्याच पाण्याला परत देतो. पाण्याच्या वाट्याला पहिल्यापेक्षा जास्त काहीच येत नाही."

लातूरच्या मुलाने वही काढून हिशेब मांडला. मोकळं पाणी त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन शोषून घेतं. तरंगत्या तापकाची बरीच उष्णता काचेतून हवेत निघून जाते. म्हणजे पाण्याला पोचते ती आधीपेक्षा थोडी कमीच. शिवाय झाकलेल्या जागेवरून बाष्पीभवन होत नाही. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "चालेल."

इंजिन तरंगतंच हवं, हे असं ठरलं. समुद्राची नक्कल म्हणून सुरू झालेल्या कल्पनेला मराठवाड्यातलं स्वतःचं कारण मिळालं.

जागेचा प्रश्न लवकर सुटला. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. तिथे काहीही तरंगत ठेवायचं तर वन खातं आणि पाटबंधारे खातं अशा दोन्हीकडच्या परवानग्या लागल्या असत्या, आणि हातात सहा महिने होते. मुलीच्या मामाचं मोसंबीच्या बागेसाठी केलेलं शेततळं होतं, 30 मीटर बाय 30 मीटर, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. मामांनी एकच अट घातली, "कागदाला भोक पडता कामा नये. बाग त्या पाण्यावर उभी आहे."

इंजिन कोणतं, हा निर्णय चुकला आणि तो माझा होता.

गळती

मी वाफेच्या चक्राचा आग्रह धरला, कारण समुद्रातले खरे संच त्याच चक्रावर चालतात. अमोनिया विषारी, मुलांच्या हातात द्यायचा नव्हता. म्हणून गाड्यांच्या एसीत असतो तो आर-134ए वायू निवडला. भंगार बाजारातून गाडीच्या एसीतला, वायू दाबणारा स्क्रोल कॉम्प्रेसर आणला. तो उलटा चालवला की वाफेच्या दाबावर फिरतो. नोव्हेंबर ते जानेवारी मुलं वर्कशॉपमध्ये राबली. 70 अंशांना या वायूचा दाब 21 बारच्या आसपास जातो, त्यामुळे प्रत्येक सांधा ब्रेझिंग (धातू वितळवून जोडणी) करून आधी पाण्याच्या दाबावर तपासला. त्यात आम्ही कसूर केली नाही.

पंप मात्र ऐकेना. कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव करणाऱ्या भागातून, येणारा द्रव उकळण्याच्या काठावरच असतो. पंपाच्या तोंडाशी दाब जरा उतरला की तिथेच त्याची वाफ व्हायची आणि पंप नुसता घरघरत राहायचा. टाकी उंच बसवली, नळी जाड केली. कधी दहा मिनिटं चालायचं, कधी दोन.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी आम्ही प्रयोगशाळा उघडली तर दाबमापकाचा काटा शून्यावर होता. जालन्याच्या मुलाने साबणाचं पाणी लावलं, थोडा नायट्रोजन भरला आणि एका कोपऱ्यातल्या सांध्यावर बारीक बुडबुडा फुगायला लागला. मोहरीएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा. पंपाच्या थरथरीने सांध्याला केसासारखी चीर गेली होती. शनिवार-रविवारमध्ये 900 ग्रॅम वायू हवेत गेला होता.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. मी नवीन सिलिंडर मागवायला फोन उचलला, तेव्हा मुलीने विचारलं, "मॅडम, हा वायू हवेत गेला तर काय होतं?"

आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 किलोंइतका भरतो. 900 ग्रॅम म्हणजे जवळपास सव्वा टन. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला, तर आमच्या एका गळतीची भरपाई करायला 1,800 युनिट स्वच्छ वीज लागणार. आमचं इंजिन अपेक्षेप्रमाणे चाललं असतं तरी दिवसाला 0.3 युनिट. म्हणजे सोळा वर्षं.

मी फोन ठेवला. हा आकडा नोव्हेंबरातच काढता आला असता. आम्ही कार्यक्षमता, दाब, खर्च सगळं मोजलं. वायू निसटला तर काय, एवढंच विचारलं नाही, कारण तो निसटणारच नाही असं गृहीत धरलं होतं.

दुसरा निर्णय

फेब्रुवारी उजाडला होता. पुन्हा सौर पॅनेलकडे वळायचं, की दोन महिन्यांत दुसरं इंजिन करायचं? या वेळी मी माझं मत शेवटी सांगायचं ठरवलं. परभणीचा मुलगा, जो बैठकीत सहसा बोलत नसे, म्हणाला, "हवेवर चालणारं करू. गळली तर हवाच गळेल."

अशा इंजिनाला स्टर्लिंग इंजिन म्हणतात. बंद पेटीतली हवा एकदा गरम बाजूला, एकदा गार बाजूला सारायची. ती फुगते, आकसते, आणि त्या श्वासावर चाक फिरतं. दाब वातावरणाएवढाच, त्यामुळे स्फोटाची भीती नाही. शक्ती फार कमी मिळते, हे सुरुवातीलाच कबूल केलं.

पेटी 1 मीटर बाय 1 मीटरची. वर दोन काचा, त्याखाली 5 सेंटिमीटर पाण्याचा थर, खाली काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पत्र्याखाली हवेचा कप्पा. सगळ्यात खालचा पत्रा थेट शेततळ्याच्या पाण्याला टेकलेला. पंप कुठेच नाही. वरचा पाण्याचा थर गटप्रमुख मुलीच्या हट्टाचा. त्याने दुपारचं तापमान कमी राहतं आणि शक्ती घटते, पण दिवसाची उष्णता साठून राहते. "रात्री चाललं नाही तर मग समुद्राचं काय राहिलं त्यात?" हे तिचं म्हणणं. भुजला एका डेअरीसाठी 6,000 चौरस मीटरचं मिठाचं सौर तळं बांधलं होतं, त्यात याच प्रकारे पाण्यात उष्णता साठवली जायची. तिथे खालचं खारं पाणी जड असल्यामुळे वर येत नाही. आम्हाला मिठाचे थर जमवायला वेळ नव्हता, म्हणून काचेवर भागवलं.

हवा सारणारी फळी आधी थर्माकोलची केली. गच्चीवर पाणी न भरताच चाचणी घेतली आणि थर्माकोल तापून पापडासारखा आक्रसला. मग शीतगृहाच्या जुन्या पफ (फोम भरलेल्या) पॅनेलचा तुकडा वापरला. पिस्टनच्या जागी पडदा हवा होता, हलका आणि हवा न सोडणारा. जालन्याच्या मुलाच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. बाळाखाली घालतात त्या रबरी कापडाचा तुकडा त्याने आणला आणि तो नेमका बसला. चाक सायकलच्या रिंगचं. पेटीच्या चारही कडांना जुन्या ट्यूब गुंडाळल्या, मामांच्या कागदासाठी.

निष्पत्ती

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चार प्लॅस्टिकच्या ड्रमांवर पेटी तळ्यात सोडली. दुपारी दोनला वरचं पाणी 64 अंश, तळ्याचं 28. मुलीने चाकाला बोटाने हलका धक्का दिला. चाक अर्धं फिरून थांबलं. दुसऱ्यांदाही थांबलं. तिसऱ्या वेळी रबरी पडदा फुगला, खाली बसला, पुन्हा फुगला आणि चाक आपलं आपण फिरायला लागलं. मिनिटाला 38 फेरे.

वीज मोजली. जास्तीत जास्त 0.6 वॅट.

पेटीवर त्या वेळी 900 वॅटच्या आसपास ऊन पडत होतं. म्हणजे हजारातला एक भागही हाती नाही. तेवढ्याच जागेवरच्या सौर पॅनेलने 200 वॅट दिले असते. मुलांनी हे दोन्ही आकडे अहवालाच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात छापले. तसं करा असं मी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री आम्ही तळ्यावरच थांबलो. पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळला. वरचं पाणी हळूहळू निवत होतं, चाक फिरत होतं, टोकाचा छोटा एलईडी जळत होता. आठला गावातली लाईट गेली आणि बांधावर तेवढाच उजेड राहिला. मामी भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, उभ्या राहून बघत म्हणाल्या, "दिवस बुडाला तरी चालूच आहे का हे?" नऊ वाजून दहा मिनिटांनी, वरचं पाणी 47 अंशांवर आलं तेव्हा, चाक थांबलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "0.6 वॅटसाठी वर्ष घालवलं?" गटप्रमुख मुलीने दोरीचे आकडे, 48 लिटरचा हिशेब, गळतीचं पान आणि सूर्यास्तानंतरचा आलेख असा क्रमाने दाखवला. मराठवाड्यात वीज काढायला पॅनेलच योग्य, हे तिने स्पष्ट सांगितलं. उष्णतेचं इंजिन कुठे शोभतं आणि का, हे आता आम्हाला नीट सांगता येतं, असंही ती म्हणाली. परीक्षकांनी गळतीचं पान दोनदा वाचलं. गुण चांगले मिळाले, पहिला क्रमांक नाही.

काय वेगळं करता आलं असतं

नाथसागराची साठवण 102 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. भागाकार केला तर सरासरी खोली आठ-नऊ मीटर येते. एवढ्या उथळ पाण्यात गार थर टिकणार नाही, हे ऑगस्टमध्ये पाच मिनिटांत कळलं असतं. दोन महिने आम्ही समुद्राच्या संचांची रेखाटनं वाचण्यात घालवले. होडीवर तरीही गेलो असतोच, कारण चौदावी गाठ टेकताना मुलांना जे कळलं ते भागाकारातून कळलं नसतं. पण ऑगस्टमध्ये गेलो असतो, आणि जाण्याआधी मुलीच्या वडिलांना विचारलं असतं. वारा पाणी घुसळतो हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही त्यांना होडी मागितली, माहिती मागितली नाही. याची मला अजून रुखरुख आहे.

आर-134एचा निर्णय मी बदलला असता का? हो. खऱ्या संचासारखं दिसावं या मोहाने तो घेतला होता. तीन महिने आणि सव्वा टनाचा बोजा, दोन्ही वाचलं असतं. ज्यांना वाफेचं चक्रच करायचं असेल त्यांनी आधी एकटा पंप विकत घेऊन त्याच वायूवर आठवडाभर चालवून बघावा, मगच पुढचा खर्च करावा. थरथरणाऱ्या पंपाला कडक नळी थेट जोडू नये, मधे लवचीक नळी घालावी. आमची चीर तिथेच गेली.

पॅनेल की इंजिन या निर्णयावर गटात दोन मतं आजही आहेत. लातूरच्या मुलाचं म्हणणं असं की ऑक्टोबरात पॅनेल घेतलं असतं तर शेततळ्याचं बाष्पीभवन पॅनेलच्या सावलीने किती वाचतं हे मोजून झालं असतं आणि मामांच्या बागेला त्याचा उपयोग झाला असता. मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही. एक मधला मार्ग होता, अर्ध्या तळ्यावर दोर बांधून साध्या झाकणाची सावली आणि उघडं पाणी यांची तुलना. तो आम्हाला सुचला तेव्हा मे महिना संपत आला होता.

पुढचा गट आता वरच्या 5 सेंटिमीटरच्या जागी खाऱ्या पाण्याचे थर घालून बघतोय. मीठ पन्नास किलो आलं आहे. ते तळ्यात सांडलं तर मोसंबीचं नुकसान होईल म्हणून मामांनी या वेळी आणखी एक अट घातली आहे, खालच्या पेटीला दुहेरी तळ.

गाठी मारलेली दोरी वडिलांच्या होडीतच असते. त्यांनी मुलीकडून सेन्सर वाचायला शिकून घेतलं. महिन्यातून एकदा ते दुपारी त्याच जागी थांबतात आणि आकडे फोनवरून पाठवतात. मे महिन्यात वर 30.8 आला, तळाशी 25.9. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "आज वारं नव्हतं."